जमीन पाहून पाते : बुलडोझरच्या पात्याची निवड, जुळणी व निगा

अवजार जमिनीला साजेसे असावे, ही गोष्ट महाराष्ट्रातील शेतकऱ्यास नव्याने सांगावयास नको. माळाच्या हलक्या जमिनीत चालणारा नांगर खोल काळ्या जमिनीत तसाच जुंपून चालत नाही, हे तो जाणतो. हाळसावरील जुवाची जागा पुढेमागे करून नांगराची खोली कमीजास्त करणे, कुळवाची पास झिजली की ती लोहाराकडून शेवटून घेणे, उंचवट्याची माती केणीने ओढून सखल जागी टाकणे, ही कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत. परंतु शेतात बुलडोझर येतो तेव्हा मात्र हे शहाणपण बांधावरच राहते. यंत्र मोठे, म्हणून काम चांगले, अशा समजुतीने जे पाते जोडलेले असेल त्याच पात्याने, ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत, काम सुरू होते.

वस्तुतः इंजिन केवळ जोर पुरविते. जमिनीला लागते ते पाते. बैलांचे बळ कितीही असले तरी बोथट फाळाने चांगली नांगरट होत नाही, तसेच येथेही आहे. पात्याचा आकार, त्याची धार, त्याचा कोन व कल ही जमिनीला व कामाला जुळलेली नसतील, तर तेच यंत्र तेवढेच डिझेल जाळून थोडे काम करते. इतकेच नव्हे, तर वरच्या थरातील सुपीक माती नको तेथे लोटून शेत काही वर्षे नापीक करून ठेवते. केणीने ओढताना चूक होत आहे हे दिसावयास व ती थांबवावयास वेळ मिळतो. बुलडोझर तीच चूक अर्ध्या दिवसात पुरी करतो. यास्तव यंत्र भाड्याने घेणाऱ्या शेतकऱ्याने, शेतकरी गटाने व सहकारी संस्थेने पात्याविषयी निदान प्राथमिक माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

पात्याची जन्मकथा

बुलडोझर हे रस्ते व धरणे बांधणाऱ्यांचे यंत्र आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याचा उगम मात्र शेतीप्रदेशातला आहे. १९२३ साली अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात मोरोव्हिल या लहान गावी जेम्स कमिंग्ज हा तरुण शेतकरी व जे. अर्ल मॅक्लिऑड हा आराखडे काढणारा तंत्रज्ञ या दोघांनी ट्रॅक्टरच्या पुढे बसविण्याचे पाते तयार केले. नळ पुरण्यासाठी खणलेले लांब चर मातीने पुन्हा भरून काढण्याचे काम त्यांच्यासमोर होते. १९२५ साली त्यांना या जोडकामाचे पेटंट मिळाले. म्हणजे पाते जन्मास आले ते एका नेमक्या कामासाठी, त्या कामाचे माप घेऊन. आज शंभर वर्षांनंतरही हाच धडा कामास येतो.

प्रारंभीची बरीच पाती तारेच्या दोराने वर उचलली जात. खाली येताना त्यांच्यावर स्वतःच्या वजनाचाच काय तो भार असे. त्यामुळे कठीण जमिनीत ती वरचेवर सरकत जात. पुढे तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे आले व पाते जमिनीत जोराने दाबणे शक्य झाले.

भारतात शेतजमिनीच्या सुधारणेसाठी अवजड यंत्रांचा मोठा वापर स्वातंत्र्याबरोबर सुरू झाला. १९४७ साली केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन झाली. मध्य भारतात कांस गवताने व्यापलेल्या विस्तीर्ण जमिनी लागवडीखाली आणणे हे तिचे प्रमुख कार्य होते, व अशा यंत्रसामग्रीसाठी १९४९ साली जागतिक बँकेने भारतास १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. या कामातही अवजाराची निवड हाच कळीचा प्रश्न होता. कांसाची मुळे व जमिनीखालील खोडे खोलवर पसरलेली असतात. वरवर खरडणाऱ्या पात्याने ती मरत नाहीत. उलट तुकडे होऊन पसरतात. म्हणून तेथे अवजड ट्रॅक्टरला पाते नव्हे, तर खोल जाणारे नांगर जोडले गेले व उन्हाळ्यात खोल नांगरट करून मुळे उन्हाने तापविण्यात आली. १९६४ साली भारत अर्थ मूव्हर्स लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली व अवजड माती-यंत्रे देशातच तयार होऊ लागली. यंत्र हाताशी आले, तरी ‘कोणत्या कामास कोणते जोडकाम’ हा प्रश्न प्रत्येक शेताच्या बांधावर नव्याने उभा राहतोच.

पात्याची तीन कामे

पाते तीन कामे करते : माती कापणे, कापलेली माती पुढे वाहून नेणे व ती पसरणे. ही तिन्ही कामे सारख्याच उत्तम रीतीने करणारे एकही पाते नाही. जे पाते कठीण जमीन चांगली कापते, त्याच्या बाजूंनी माती सांडते. जे पुष्कळ माती धरून नेते, ते कठीण जमिनीत शिरत नाही. म्हणून निवड करताना तीन कामांपैकी आपल्या शेतात कोणते काम अधिक आहे, हे प्रथम ठरवावे.

सरळ पाते हे सर्वांत साधे होय. त्याला बाजूस पंख नसतात. इंजिनाचा सर्व जोर सरळ धारेवर येत असल्यामुळे मुरूम, कठीण पडलेली पडीक जमीन, दगडगोट्यांची माळजमीन यांत ते चांगले शिरते. माती थोड्या अंतरावर लोटावयाची असेल तर हेच पाते घ्यावे.

पंखांचे पाते सुपासारखे असते. त्याच्या दोन्ही कडा पुढे वळलेल्या असल्यामुळे माती बाजूंनी सांडत नाही. मोकळी, भुसभुशीत माती, तळ्यातील वाळलेला गाळ किंवा खताचा ढीग दूरवर नेण्यास ते उपयोगी पडते. कठीण जमीन उकरण्यास मात्र ते योग्य नाही. आखूड पंखांचे पाते हे या दोहोंच्या मधले होय.

कोनाचे पाते मध्यावर फिरते व डाव्या किंवा उजव्या बाजूस तिरपे करता येते. बऱ्याच यंत्रांत हा कोन २५ अंशांपर्यंत असतो. नांगराच्या तासाची माती जशी एका बाजूस पडते, तशी या पात्यापुढील माती एका कडेने बाहेर पडत जाते. उताराला आडवे बांध घालणे, चर भरून काढणे, कोकणातील डोंगरउतारावर भाताच्या मजग्या काढणे, शिवारातील रस्ता करणे, या कामांत यंत्राला पुनःपुन्हा मागेपुढे व्हावे लागत नाही. ते उताराला समांतर सरळ चालत राहते.

झुडपे व मुळे काढावयाची असतील तर सलग पात्याऐवजी दातांचे जोडकाम लावावे. दातांमधून माती गळून खाली राहते व मुळ्या पुढे जातात. सलग पात्याने हेच काम केल्यास मुळ्यांबरोबर शेताची उत्तम माती बांधावरच्या ढिगात जाऊन पडते.

उंची वाढविण्याचा मोह

पाते ‘सुधारून’ घेण्याची सर्वांत प्रचलित रीत म्हणजे त्याच्या माथ्यावर लोखंडी पत्रा जोडून उंची वाढविणे. असे केल्याने काय होते, हे हिशेबाने पाहणे उचित होईल.

सरळ पात्यापुढे मावणाऱ्या मोकळ्या मातीचा अंदाज काढण्याचे एक मान्य सूत्र आहे : पात्याची रुंदी गुणिले उंचीचा वर्ग, गुणिले ०.८. समजा, पाते ३ मीटर रुंद व १ मीटर उंच आहे. त्यापुढे सुमारे २.४ घनमीटर मोकळी माती मावेल. आता उंची केवळ २० सेंटिमीटरांनी वाढविली, म्हणजे ती १.२ मीटर केली, तर तेच माप सुमारे ३.४६ घनमीटर होते. उंची पाचव्या हिश्शाने वाढली. माती मात्र शेकडा ४४ वाढली. मोकळ्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे सव्वा टन धरले, तर पूर्वी यंत्र ३ टन माती लोटत होते, त्याला आता ४.३ टनांहून अधिक लोटावी लागेल.

इंजिन तेच, यंत्राचे वजन तेच व जमिनीवरील पकडही तीच. भार पेलण्यापलीकडे गेला की साखळ्या किंवा चाके जागच्या जागी घसरू लागतात, डिझेल जळते, जमीन घोटली जाते व तिचे खालचे थर दाबले जातात. तात्पर्य, वाळलेले शेणखत, भुसा यांसारख्या हलक्या वस्तूंसाठी उंची वाढविणे योग्य. मुरूम, ओली काळी माती व दगड यांसाठी नव्हे. शिवाय उंच पात्यामुळे चालकास धार दिसेनाशी होते. हलक्या मालासाठी माथ्यावर जोड द्यावयाचाच असेल तर तो सलग पत्र्याचा न करता जाळीचा करावा, म्हणजे समोरचे दिसत राहते. व तो बोल्टांनी बसवावा, म्हणजे काम संपताच काढता येतो.

यंत्राला भार झेपतो की नाही, हे ओळखण्याची सोपी कसोटी आहे. ट्रॅक्टरच्या मागील चाकावर खडूची खूण करावी व पाते उचलून चाकाचे १० फेरे होईपर्यंत किती अंतर कापले जाते ते मोजावे. नंतर भरल्या पात्याने तेवढेच फेरे मोजावेत. रिकामे असताना ४० मीटर व भरलेले असताना ३४ मीटर अंतर झाले, तर घसरण शेकडा १५ समजावी. चाकांच्या ट्रॅक्टरला शेकडा १० ते १५ घसरण चालते. त्याहून अधिक झाल्यास पाते कमी भरावे अथवा अरुंद पाते वापरावे.

धार व तिची निगा

पात्याच्या खालच्या अंगास बोल्टांनी जोडलेली पोलादी पट्टी असते. कारागीर तिला ‘कटिंग एज’ म्हणतात. दोन्ही टोकांना कोपऱ्यांचे वेगळे तुकडे असतात. जमीन कापते ती ही पट्टी, व झिजण्यासाठीच ती केलेली असते. कोपऱ्यांचे तुकडे सर्वांत आधी झिजतात, कारण पात्याच्या कडेला घर्षण अधिक होते. कोपरे गोल झाले की पाते जमिनीत शिरावयास कुचराई करते व दोन पट्ट्यांच्या मध्ये मातीचा वरंबा उभा राहतो.

बहुतेक धारपट्ट्या दोन्ही कडांनी वापरता येतात. एक कड झिजली की बोल्ट काढून पट्टी उलटवावी. हे काम वेळेवर न केल्यास झीज पट्टीमागील मूळ पात्यापर्यंत पोचते. मग शे-दोनशे रुपयांच्या बोल्टांचे काम टाळल्याबद्दल सबंध पाते कार्यशाळेत न्यावे लागते. यंत्र भाड्याने घेताना शेतकऱ्याने पात्यासमोर बसून ही पट्टी पाहावी. बोल्टांची डोकी झिजून गेलेली असतील, तर पट्टी उलटविण्याची वेळ केव्हाच टळून गेली असे समजावे.

गावोगावच्या कार्यशाळांत धारपट्टीऐवजी मोटारीच्या जुन्या कमानीच्या पट्ट्या जोडण्याची रीत आहे. कमानीचे पोलाद कठीण असते हे खरे. परंतु त्यात कर्बाचे प्रमाण अधिक असल्यामुळे सरळ वेल्डिंग केल्यास सांध्याजवळचा भाग ठिसूळ होतो व पहिल्याच दगडावर आदळून तडकतो. असा सांधा करणेच भाग पडले, तर पट्टी आधी तापवून घ्यावी व जोडल्यावर राखेत किंवा वाळूत ठेवून हळूहळू निवू द्यावी. लोहार तापलेल्या फाळाला पाणी देतो तेव्हा तो कठीण होतो, व तोच फाळ पुन्हा तापविला तर त्याचे पाणी उतरते. कारखान्यातून आलेल्या धारपट्टीलाही असेच पाणी दिलेले असते. म्हणून ती वेल्डिंगने न जोडता बोल्टांनीच बसवावी. वेल्डिंग करताना आजच्या यंत्रांची बॅटरी सोडविणे विसरू नये. अन्यथा विद्युत्‌ उपकरणे जळण्याचा संभव असतो.

कोन, कल व तिरपेपणा

पात्याची जुळणी तीन प्रकारे बदलता येते. पाते डाव्या-उजव्या बाजूस वळविणे हा कोन होय. त्याचा उपयोग वर सांगितलाच आहे. पात्याचे एक टोक खाली व दुसरे वर करणे हा तिरपेपणा होय. जमीन फार कठीण असेल तर सबंध धार टेकविण्याऐवजी एक कोपरा खाली करावा. यंत्राचा सर्व जोर त्या एका कोपऱ्यावर येतो व जमीन फुटते. पाणी काढून देण्याचे उथळ चरही अशा तिरप्या पात्याने काढता येतात.

पात्याचा माथा पुढे किंवा मागे झुकविणे हा कल होय. माथा मागे झुकला की माती पात्यावर टिकून राहते व वाहून नेण्यास सोपे जाते. पुढे झुकला की ती सुटून पसरते. कलाची योग्य मर्यादा यंत्राच्या पुस्तिकेत दिलेली असते. प्रत्येक शेतात प्रथम दहावीस मीटरांचा एक पट्टा चालवून पाहावा. माती पात्यापुढे गुंडाळत वर चढत असेल, तर जुळणी बरोबर आहे. ती ढेकळांच्या स्वरूपात नुसती ढकलली जात असेल, तर कल अथवा खोली बदलावी.

काळ्या जमिनीविषयी विशेष दक्षता घ्यावी लागते. ओली असता ती पात्यास चिकटून बसते व पाते जडशीळ होते. पूर्ण वाळली असता तिची मोठमोठी ढेकळे निघतात. ओलीत यंत्र घातल्यास खालचा थर दाबून घट्ट होतो व पुढे पाणी मुरत नाही. म्हणून सपाटीकरणाची कामे पीक निघाल्यानंतर, वरची ओल उडून गेल्यावर, पावसाळ्याच्या पुष्कळ आधी उरकावीत. पाते रोज संध्याकाळी खरवडून स्वच्छ करावे. घासून गुळगुळीत झालेल्या पात्यावर माती कमी चिकटते. गंजलेल्या पात्यावर ती ठाण मांडून बसते.

साध्या ट्रॅक्टरचे पाते

आज बहुतेक शेतकऱ्यांच्या वाट्याला मोठा बुलडोझर येत नाही. शेतीच्या ट्रॅक्टरला जोडलेले पुढचे किंवा मागचे पातेच येते. त्याचे नियम थोडे निराळे आहेत.

पुढच्या पात्याचा भार ट्रॅक्टरच्या पुढच्या आसावर पडतो. हा आस मोठे धक्के सोसण्यासाठी केलेला नसतो. म्हणून पात्याची चौकट पुढच्या आसावर न टेकवता ट्रॅक्टरच्या अंगाखालून मागच्या आसापर्यंत नेलेली असावी, व तोल राखण्यासाठी मागे वजन लावलेले असावे. अशा पात्याने बांधकामाच्या बुलडोझरप्रमाणे वेगाने जाऊन धडक देऊ नये. एखादा बुंधा किंवा दगड मातीखाली लपलेला असतो, व नुकसान पात्याचे न होता ट्रॅक्टरचे होते.

मागच्या तीन सांध्यांना जोडलेले पाते शेताच्या दृष्टीने अधिक सोयीचे असते. ते कोनात वळविता येते व उलटेही फिरविता येते. लहान बांध घालणे, खाचर समपातळीत आणणे, वाफ्यांची शेवटची सफाई करणे ही कामे त्याने नीट होतात. मात्र बहुतेक ट्रॅक्टरांत मागचे हात पाते उचलतात. खाली दाबत नाहीत. म्हणजे तारेच्या दोरावरील जुन्या पात्याप्रमाणेच येथेही पात्याचे वजन हाच त्याचा जोर असतो. ते कठीण जमिनीत शिरत नाही म्हणून त्यावर माणसे उभी करण्याची घातक रीत काही ठिकाणी दिसते. ती सर्वथा वर्ज्य होय. त्याऐवजी जमीन आधी नांगरून मोकळी करावी व मग पाते फिरवावे.

हाच नियम मोठ्या यंत्रासही लागू आहे. कठीण मुरूम पात्याने खरवडत बसण्यापेक्षा यंत्रामागील लोखंडी दातांनी तो आधी उकलून घ्यावा. कापण्याचे काम दातांनी व वाहण्याचे काम पात्याने केले, तर दोन्ही कामे कमी श्रमात होतात.

काम कसे करावे

त्याच पात्याकडून अधिक काम घेण्याच्या रीती अनुभवाने सिद्ध झालेल्या आहेत. पहिली रीत म्हणजे एकाच तासातून पुनःपुन्हा जाणे. तासाच्या दोन्ही कडांना मातीच्या भिंती उभ्या राहतात व माती बाजूंनी सांडत नाही. या रीतीने काम सुमारे शेकडा २० वाढते. शेवटी या भिंतीही सपाट कराव्यात. दुसरी रीत, माती शक्यतो उताराच्या दिशेने लोटावी. शेकडा १० उतारावर खाली लोटताना काम सुमारे पाचव्या हिश्शाने वाढते. तेवढ्याच चढावर लोटताना जवळजवळ तेवढेच घटते. तिसरी, माती लोटण्याचे अंतर १०० मीटरांपलीकडे जाऊ देऊ नये. त्यापुढे ट्रॉलीत भरून नेणेच स्वस्त पडते. चौथी, तासाचा हिशेब करताना यंत्र साठ मिनिटे माती लोटते असे समजू नये. तासात प्रत्यक्ष ५० मिनिटे काम झाले, तर ते उत्तम समजावे.

कमी माती हलविणे हीच खरी कार्यक्षमता

आतापर्यंत पाते अधिक माती कशी हलवील याचा विचार झाला. परंतु शेतीच्या कामात कार्यक्षमतेचे माप ताशी किती माती हलली हे नसून, किती कमी माती हलवून शेत साधले हे होय. पुढील उदाहरणावरून ही गोष्ट स्पष्ट होईल.

समजा, १ हेक्टरचे शेत आहे. उताराच्या दिशेने त्याची लांबी ४० मीटर व आडवी रुंदी २५० मीटर आहे. उतार शेकडा २ आहे. म्हणजे वरच्या व खालच्या कडेत ८० सेंटिमीटरांचा फरक आहे. सबंध शेत एकाच पातळीत आणावयाचे ठरविले, तर वरच्या कडेला ४० सेंटिमीटर खोल कापावे लागेल व एकंदर १,००० घनमीटर माती हलवावी लागेल. कापलेली माती मोकळी होऊन सव्वापट फुगते असे धरले, तर २.४ घनमीटरांच्या पात्याला सुमारे ५२० खेपा कराव्या लागतील. शेताचा सुपीक थर ३० सेंटिमीटरांचा असेल, तर वरच्या कडेला तो समूळ जाऊन मुरूम उघडा पडेल.

आता त्याच शेताच्या मध्यावर एक आडवा बांध घालून २० मीटरांच्या दोन पायऱ्या केल्या, तर प्रत्येक पायरीच्या वरच्या कडेला २० सेंटिमीटरच कापावे लागते. एकंदर माती ५०० घनमीटर भरते व खेपा सुमारे २६० होतात. प्रत्येक खेपेचे अंतरही निम्म्यावर येते. कोठेही मुरूम उघडा पडत नाही. पात्यात काडीचाही बदल न करता काम निम्म्याहून कमी झाले व जमीन वाचली, असा हा हिशेब आहे. पाणी पुढे सरकण्यासाठी थोडा उतार ठेवावयाचा असेल, तर कापणे आणखी कमी होते. यास्तव यंत्र बोलाविण्यापूर्वी पातळी घेण्याच्या यंत्राने शेताचे उंचसखलपण मोजून घ्यावे, कृषि विभागाच्या कर्मचाऱ्याचा सल्ला घ्यावा व कोठे किती कापावयाचे याच्या खुंट्या ठोकून ठेवाव्यात. आज लेसर किरणांच्या साहाय्याने पातळी राखणारी पातीही उपलब्ध आहेत. शेवटची सफाई त्यांनी अचूक होते. परंतु पायऱ्या कोठे पाडाव्यात हे लेसर सांगत नाही. ते शेतकऱ्यानेच ठरवावयाचे असते.

वरचा थर वरच राहावा

खोल कापणे टाळताच येत नसेल, तर काम दोन टप्प्यांत करावे. प्रथम वरची सुमारे १५ सेंटिमीटर माती पात्याने हलक्या हाताने खरवडून बाजूला रास करावी. नंतर खालचा मुरूम समपातळीत आणावा, यंत्राच्या वजनाने दाबलेला थर दातांनी उकलावा, व अखेरीस राशीची माती सर्वत्र सारखी पसरावी. या रीतीने यंत्राचे तास वाढतात हे खरे. परंतु उघडा पडलेला चुनखडीयुक्त खालचा थर पिकास जस्त व लोह पुरेसे देत नाही, पाने पिवळी पडतात व उत्पन्न घटते. तो थर पुन्हा मार्गी लावण्यास शेणखत, ताग किंवा धैंचा यांचे हिरवळीचे खत व सूक्ष्म अन्नद्रव्ये यांवर पुढील काही वर्षे खर्च करीत राहावे लागते. त्या खर्चाच्या मानाने यंत्राचे चार तास अधिक गेले तरी ते स्वस्तच पडतात.

भाडे तासावर ठरलेले असते तेव्हा चालकाचे लक्ष यंत्राचे तास भरण्याकडे व कंत्राट घनमीटरावर असते तेव्हा माती अधिक हलविण्याकडे जाणे स्वाभाविक आहे. वरच्या थराची काळजी या दोन्ही हिशेबांत बसत नाही. ती शेतकऱ्यानेच वाहावी लागते. म्हणून काम देण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात : पाते कोणत्या प्रकारचे आहे, धारपट्टी व कोपरे शाबूत आहेत काय, पाते तिरपे व कोनात करता येते काय, आणि मागे उकलण्याचे दात आहेत काय. वरची माती वेगळी रास करण्याची अट आधीच स्पष्ट बोलून ठेवावी, व काम चालू असताना कोणीतरी जाणते माणूस शेतावर हजर असावे.

सुरक्षिततेचे नियम थोडे पण कडक आहेत. उचललेल्या पात्याखाली भक्कम ठोकळे दिल्याशिवाय कोणीही जाऊ नये. यंत्र सोडून जाताना पाते नेहमी जमिनीवर टेकवावे. विहिरीच्या काठाजवळ, ताज्या भरावाच्या कडेला व विजेच्या खांबांजवळ यंत्र नेऊ नये. पात्यात कायमचा बदल करावयाचा असल्यास तो यंत्राच्या निर्मात्याच्या सल्ल्यानेच करावा.

केणी ओढणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या बैलांची ताकद ठाऊक असे, व म्हणून तो एकही खेप वाया जाऊ देत नसे. बुलडोझरच्या बाबतीतही हीच काटकसर उपयोगी पडते. पाते जमिनीला जुळवून घ्यावे, धार शाबूत ठेवावी, नको ती माती हलवू नये व वरचा थर वरच राहील याची खबरदारी घ्यावी. यंत्र काम संपवून दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी निघून जाते. त्याने केलेली जमीन मात्र शेतकऱ्याला व त्याच्या मुलांना कसावयाची असते.